कुंडलिकेच्या पाण्यावर एक दिवस

मे महिन्याची सुट्टी लागली की मसुऱ्याला मुंबई-पुण्याचे पाहुणे येतात. सामान ओटीवर ठेवून होत नाही तोच मुले विचारतात, "नदीवर कधी जायचे?" गड नदी गावाला लागूनच वाहते. पुढे ती खाडी होऊन तळाशील-सर्जेकोटकडे समुद्राला मिळते. इतके पाणी जवळ असताना मुलांना नाही तरी कसे म्हणणार? मग मुलगे पाण्यात उतरतात, मुली सलवार थोडी वर ओढून काठावर पाय सोडून बसतात, आणि बायका डबे आणि मोबाइल सांभाळतात. कोणाच्या अंगात जाकीट नसते, कोणाच्या हातात दोर नसतो. ओहोटी कधी लागणार हेही कोणी विचारलेले नसते.

आणि याच घरांत कोणी "राफ्टिंगला जाऊ या का?" असे म्हटले, तर मोठी माणसे एकदम गंभीर होतात. "पैसे देऊन जीव धोक्यात घालायचा?" असा पहिला प्रश्न येतो. "आणि मुली?" हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर निदान ऐकून घेतले जाते; दुसऱ्याचे बहुतेक वेळा ऐकण्याआधीच ठरलेले असते.

आम्हाला वाटते, आपली भीती चुकीच्या जागी बसली आहे. ज्या पाण्यात नियम नाहीत तिथे आपण बिनधास्त जातो आणि जिथे हेल्मेट, जाकीट, दोर आणि जाणता माणूस आहे तिथे बिचकतो. ३० जून २०२४ या दिवशी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याच्या एका मुस्लिम कुटुंबातली एक स्त्री आणि चार मुले वाहून गेली. ती चित्रफीत आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिली असेल. ते लोक कोणतेही साहस करायला गेले नव्हते. सहलीला गेले होते, पाण्यात उभे होते आणि वरून लोंढा आला. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले, तीही सहलच होती. आमच्या मालवणातही २४ मे २०२२ ला तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्यामुळे पैसे भरले आणि बोटीत बसलो म्हणजे सुरक्षित झालो, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२१ या एका वर्षात जगभर सुमारे तीन लाख माणसे बुडून मेली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रसंघाने २५ जुलै हा बुडण्यापासून बचावाचा जागतिक दिवस ठरवला. आपल्या शाळांमध्ये इतके दिवस साजरे होतात, पण हा दिवस अजून कुठे दिसत नाही.

गेल्या डिसेंबरात माणगावला नात्यातले लग्न होते. लग्नानंतर हाताशी एक दिवस मोकळा होता आणि माणगावहून कोलाड जवळच. मसुऱ्याहून म्हणाल तर ते तीनशे किलोमीटरच्या आसपास पडते, केवळ एका दिवसासाठी तिथे जाणे परवडत नाही. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना खरे तर गोव्याची म्हादई जवळ. सत्तरी तालुक्यात वाळपईकडे तिच्यावर राफ्टिंग चालते, पण पावसाळ्यातच. नदी भरलेली असते तेवढे तीन-चार महिने. कोलाडच्या कुंडलिकेचे तसे नाही. तिथे डिसेंबरातच काय, मार्च-एप्रिलमध्येही राफ्ट चालते, आणि याचे कारण मुलांना सांगण्यासारखे आहे.

ते पाणी मुळात कुंडलिकेचे नाहीच. घाटावर मुळशीला मुळा नदीवर धरण आहे. मुळा पुढे भीमेला, भीमा कृष्णेला मिळते, म्हणजे हे पाणी आपल्या मर्जीने गेले असते तर बंगालच्या उपसागरात पोचले असते. टाटांनी ते सह्याद्रीतून पश्चिमेकडे वळवले, मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला आणले आणि तिथे वीज करायला सुरुवात केली. भिऱ्याचे वीजघर १९२७ सालचे. वीज करून झालेले पाणी कुंडलिकेत सोडतात. ते सकाळी सुटते, म्हणून राफ्टिंगही सकाळीच. दुपारनंतर पाणी ओसरते आणि जिथून होडी उड्या मारत गेली तिथे खडक उघडे पडतात.

याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला होता. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव त्याच लढ्याने दिले. गावे बुडालीच. आज त्या पाण्यावर तरुण मुले आरोळ्या ठोकत जातात. इतिहासाच्या तासाला हा धडा आम्ही कितीदा शिकवला असेल, पण नदीकाठी उभे राहून सांगितला तेव्हा मुलांनी प्रश्न विचारले. एकाने विचारले, "मग त्या लोकांना विजेचे बिल माफ होते का?"

आम्ही अकरा जण होतो. आदल्या रात्री घरात बरीच चर्चा झाली. आमच्या फुफूंचा पहिल्यापासून विरोध. त्या मसुऱ्यातच वाढलेल्या, त्यांचा एक दीर ऐन तारुण्यात गड नदीत बुडाला. त्यांच्या बोलण्याला 'जुन्या विचारांचे' म्हणून बाजूला सारता येत नव्हते. "चेडवांका पाण्यात घालूक पैसे देतास?" असे त्यांनी अस्सल मालवणीत विचारले. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की दीर पोहणारा होता, पण त्याच्या अंगात जाकीट नव्हते आणि काठावर दोर घेऊन कोणी उभे नव्हते. त्या गप्प राहिल्या. सकाळी मात्र गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या, "मी काठावर थांबतंय," म्हणाल्या.

फोनवर आयोजकांना आम्ही जे विचारले ते इथे सांगतो, कारण इथेच अर्धी सुरक्षितता ठरते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले आहे आणि असे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी अशी त्यात अपेक्षा आहे. तेव्हा पहिला प्रश्न नोंदणीचा. समोरचा माणूस अडखळला किंवा "त्याची काय गरज?" म्हणाला, तर फोन ठेवावा. राफ्टसोबत बचावाची कयाक असते का? गाइडला प्रथमोपचार येतो का? विमा आहे का? एका ठिकाणी आम्हाला उलट विचारण्यात आले, "मॅगी पाहिजे की पोहे?" तिथे आम्ही गेलो नाही. दुसऱ्या ठिकाणी त्यांनीच आम्हाला प्रश्न विचारले: सर्वांत लहान मूल किती वर्षांचे, कोणाला हृदयविकार, फिट येण्याचा त्रास आहे का, कोणी गरोदर आहे का, नुकते ऑपरेशन झाले आहे का. आम्ही त्यांच्याकडे नाव नोंदवले. १४ वर्षांखालच्या मुलांना राफ्टमध्ये घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्यातले दोघे त्यामुळे फुफूंबरोबर काठावर राहिले. उरले आठ, म्हणजे बरोबर एक होडी.

ही एक युक्ती आमच्या वाचक भगिनींसाठी. एका होडीत साधारण आठ जण बसतात. दोन घरे मिळून आठ जण जमवले तर होडी पूर्ण घरची होते, अनोळखी माणसांत दाटीने बसण्याचा प्रश्न राहत नाही. गाइड तेवढा बाहेरचा आणि तो मागच्या टोकाला बसतो.

कपड्यांचे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण मुलींचे जाणे बहुतेक वेळा इथेच अडते. अबाया किंवा घेरदार सलवार घालून राफ्टमध्ये बसू नये. कापड पाणी पिते, जड होते, पायात गुंतते. दुपट्टा तर अजिबात नको, तो वल्ह्यात किंवा दोरात अडकू शकतो. पण म्हणून अंग उघडे टाकावे लागते, हा गैरसमज आहे. अंगभर, पूर्ण बाह्यांचा, चटकन वाळणारा पोहण्याचा पोशाख आता बाजारात सहज मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झनेटी या लेबनानी वंशाच्या बाईंनी वीस वर्षांपूर्वी मुस्लिम मुलींना खेळता-पोहता यावे म्हणून 'बुर्किनी' तयार केली. आमच्या मुलींनी तेवढा खर्चही केला नाही. खेळाच्या लांब पँट, वर पूर्ण बाह्यांचा गुडघ्यापर्यंतचा टीशर्ट आणि डोक्याला बिनपिनांची घट्ट टोपीसारखी ओढणी. पिना नकोतच, धक्का बसला की त्या टोचतात. ओढणीवर हेल्मेट नीट बसते, आम्ही सर्वांनी ते हलवून पाहिले. वर जाकीट येते तेव्हा अंगाचा आकारही दिसत नाही. चपला नकोत, मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने बूट घालावेत. चष्म्याला दोरी हवी. आणि कोरड्या कपड्यांसोबत एक मोठी चादर न्यावी. कपडे बदलायला आडोसा आहे असे फोनवर सांगतात, पण तो किती आहे ते तिथेच कळते.

साजे गावाजवळून राफ्ट पाण्यात सोडतात आणि सुमारे १२ ते १४ किलोमीटर खाली, कामतच्या बाजूला बाहेर काढतात. होडी रबरी, हवा भरलेली. तिच्यात आडवे फुगवलेले पट्टे असतात आणि पाय त्यांच्या खाली रुतवून कडेवर बसायचे असते. आधी वीस मिनिटे काठावरच वर्ग चालला. आम्ही शिक्षक असल्याने शिकवण्याकडे आमचे जरा बारीक लक्ष असते, आणि सांगायला आनंद वाटतो की तो तिशीतला गाइड उत्तम शिक्षक होता. एकेकाचे जाकीट त्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून वर खेचून पाहिले. ते कानापर्यंत वर आले की बक्कल पुन्हा आवळायचे. वल्ह्याच्या वरच्या टोकावरची आडवी मूठ हातातून कधीही सोडायची नाही, कारण ती सुटली की शेजाऱ्याचे दात जातात. 'फॉरवर्ड' म्हटले की पुढे मारा, 'बॅक' म्हटले की उलटे, 'स्टॉप' म्हटले की थांबा, 'गेट डाउन' म्हटले की होडीच्या तळाशी बसून कडेचा दोर धरा. मुलांकडून त्याने प्रत्येक हुकूम तीनदा करून घेतला.

मग त्याने विचारले, "पाण्यात पडलात तर काय करणार?" आमचा कॉलेजात जाणारा भाचा गड नदीत लहानपणापासून डुंबलेला. तो म्हणाला, "उभा राहीन." गाइड म्हणाला, "तेच करायचे नाही." वाहत्या पाण्यात उभे राहायला गेले की पाय दोन दगडांच्या फटीत अडकतो आणि मागचे पाणी माणसाला पुढे वाकवून दाबते. पाणी कमरेएवढे असले तरी मग उठता येत नाही. त्यापेक्षा पाठीवर पडायचे, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी वर. समोर खडक आला तर पाय आपटतील, डोके नाही. दोर फेकला तर तो छातीशी दोन्ही हातांनी धरायचा, हाताला गुंडाळायचा नाही. एवढे सांगून त्याने भाच्याला काठावरच्या गवतात आडवे करून दाखवले. आपल्या नद्यांवर पोहणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

नद्यांच्या खळाळांना एक ते सहा अशी प्रतवारी असते. एक म्हणजे जवळपास संथ, सहा म्हणजे तिथे जाऊच नये. कुंडलिकेचे खळाळ दोन-तीनच्या प्रतीचे, म्हणजे नवख्यांना झेपणारे पण दुर्लक्ष न चालणारे. गाइड मंडळींनी त्यांना नावे दिली आहेत, सुरुवातीच्या एकाचे नाव 'मॉर्निंग हेडेक'. त्या सकाळच्या डोकेदुखीत आम्ही शिरलो तेव्हा थंड पाण्याची भिंत अंगावर आली आणि सगळ्यांच्या तोंडून एकदमच 'या अल्लाह' निघाले. गाइड मागून ओरडत होता, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" वल्हे मारत राहिलो की होडी सरळ राहते, घाबरून थांबलो की ती फिरते. हे पहिल्या खळाळात कळले आणि दुसऱ्यापासून मुली मुलांपेक्षा ताल धरून वल्हवू लागल्या.

तिसऱ्या की चौथ्या खळाळात आमची नववीतली भाची पाण्यात पडली. होडी एका बाजूने उचलली गेली, तिचा पाय पट्ट्याखालून सुटला आणि ती गेली. तिला पोहायला येत नाही. दोन-तीन सेकंद ती दिसलीच नाही, ते सेकंद आम्ही कसे काढले हे लिहिता येणार नाही. मग लाल जाकीट वर आले. ती पाठीवर होती, पाय पुढे, बूट पाण्याबाहेर. अगदी गवतात दाखवले होते तसे. बचावाची कयाक तिच्याकडे वळली, पण त्याआधी गाइडने दोराची पिशवी फेकली, तिने दोर छातीशी धरला आणि भाच्याने तिला जाकिटाच्या खांद्यांना धरून आत ओढले. सगळे मिळून मिनिटभरही लागले नसेल. होडीच्या तळाशी पडल्या पडल्या ती पहिले काय बोलली असेल? "माझे वल्हे कुठे आहे?" वल्हे खाली संथ पाण्यात सापडले. फुफूंना हे रात्रीच्या जेवणापर्यंत कोणी सांगितले नाही.

राफ्टिंग निर्धोक आहे असे आम्ही म्हणणार नाही. वाहत्या पाण्यात काहीच निर्धोक नसते. पण तिथे पडणे हिशेबात धरलेले होते. कोणीतरी पडणार हे गृहीत धरून जाकीट, शिकवणी, दोर आणि कयाक अशी एकावर एक तयारी होती. आपल्या घरच्या सहलींत कोणी पडणारच नाही असे गृहीत धरलेले असते. तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपल्या मुलांना मदरशात पहिल्याच वर्षी शिकवतात.

खळाळ संपल्यावर नदी शांत होते. तिथे गाइडने हवे त्याला जाकिटासह पाण्यात तरंगू दिले. मघाशी पडलेली भाची पुन्हा उतरली. आम्ही तिला उतर म्हटले नव्हते आणि उतरू नको असेही म्हटले नाही.

जेवण शाकाहारी सांगितले होते, ते तसे बेताचेच होते. लग्नघरचा डबा बरोबर असल्याने अडले नाही. प्रवासात असल्यामुळे जोहरची कस्र नमाज नदीकाठी झाडाखाली झाली. दुपारी इतर प्रकार होते. तारेवरून लोंबकळत पलीकडे जाण्यात पैशांच्या मानाने गंमत फार थोडी, दहा सेकंदांत संपते. दोरांचा हलता पूल मुलांना आवडला. रॅपलिंग मात्र आम्हाला मोलाचे वाटले. कमरेला पट्टे, त्यात कडी, कडीतून दोर, आणि दुसरा जपणारा दोर वर उभ्या माणसाच्या हाती. कड्याकडे पाठ करून मागे झुकायचे, जवळजवळ हवेत आडवे व्हायचे. शरीर नाही म्हणते, पण दोर ताणलेला राहिला तरच पाय दगडावर ठरतात. आमच्यातल्या एका भाबींनी वर उभे राहून दहा मिनिटे घेतली. कोणी घाई केली नाही, कोणी हसले नाही. मग त्या उतरल्या, आणि पुन्हा वर चढून दुसऱ्यांदा उतरल्या.

हे सारे कोलाडलाच का, आमच्या गड नदीवर का नाही, असा प्रश्न परतताना गाडीत निघाला. मसुऱ्यात खळाळ नाहीत, म्हणून राफ्ट नाही. पण कांदळवनाच्या कडेने कयाक चालू शकते आणि भरतगडाची टेकडी समोर आहे. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे, म्हणजे पाण्यात सुरक्षितता शिकवणारी माणसे मालवण तालुक्यात आहेतच. तिथवर पोचेपर्यंत नदीची निदान ओळख हवी. आमच्याकडे पाण्याचे वेळापत्रक वीजघर ठरवत नाही, चंद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आणि त्यानंतरची ओढ जबरदस्त. शिवाय वाळू उपशाने खाडीत खड्डे पडतात, गेल्या मे महिन्यात जिथे गुडघाभर पाणी होते तिथे यंदा डोक्यावर असू शकते. मुंबईहून आलेल्या भाच्याला हे कोण सांगणार?

घरी आल्यावर फुफूंनी अंगणातल्या विहिरीकडे बोट दाखवले. त्यांच्या लहानपणी घरच्या बायका दुपारी कोणी पुरुष नसताना मुलींना कमरेला सुके नारळ बांधून विहिरीत सोडत आणि पोहायला शिकवत. फुफूंना स्वतःला पोहायला येते, हे आम्हाला एवढ्या वर्षांत माहीतच नव्हते. त्यांच्यानंतरच्या मुलींना कोणी शिकवले नाही. दिराच्या त्या प्रसंगानंतर विहिरीवर जाळी आली.

फेब्रुवारीत आम्ही कणकवलीहून तीन जाकिटे आणली, दोन मोठी, एक लहान, आणि पंचवीस मीटरचा तरंगणारा दोर. ती आता ओटीवर खुंटीला टांगलेली असतात. येत्या मे महिन्यात मुली आल्या की जाळी काढायची असे ठरले आहे. फुफू काठावर बसणार आहेत, आणि दोर त्यांच्याच हातात असेल.